कारखान्याचें दार आणि शाळेचें दार

बुलढाणा जिल्ह्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, मोताळा तालुक्यांत रोहिणखेड नांवाचें एक गांव आहे. इतिहासाच्या वाचकांस हें नांव अपरिचित नसावें. १४३७ सालीं खानदेशचा सुलतान नसीरखान वऱ्हाडावर चालून आला, तेव्हां बहामनी सरदार खलफ हसन बसरी यानें त्याचा येथेंच मोड केला आणि थेट बऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. पुढें अहमदनगरच्या गादीचा तंटा लागला, त्यांतील बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची निर्वाणीची गांठ पडली तीहि याच शिवारांत; आणि जमालखान तेथेंच पडला. १५८२ सालीं खुदावंदखान महदवी यानें येथें बांधलेली मशीद लहान पण मोठी रेखीव आहे. दोन लढाया आणि एक मशीद, एवढ्यावर इतिहासानें या गांवाची नोंद संपविली आहे.

कांहीं वर्षांपूर्वी, मी शिक्षकाच्या नोकरींत असतांना, ही मशीद आणि रणभूमि दाखविण्यासाठीं मुलांची सहल घेऊन घाट उतरलों. दिवाळी नुकतीच झाली होती. घाटाखालच्या काळ्या जमिनींत पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती आणि वेचणीची लगबग चालू होती. सीतादही होऊन बोंडें हातीं येऊं लागलीं म्हणजे आमच्या वऱ्हाडांत घरीं कोणी थांबत नाहीं. रस्त्याच्या कडेच्या एका शेतांत दहा वर्षांची एक मुलगी कमरेला ओटी बांधून आईच्या मागोमाग ओळीनें कापूस वेचीत होती. तिची ओटी भरली होती, आणि त्या ओझ्यानें ती थोडी वांकून चालत होती. माझ्याबरोबरच्या मुलांपैकीं तिच्याच वयाच्या एकानें मला विचारलें, "सर, आज शाळेचा दिवस आहे ना? मग ही इथें कशी?"

मीं उत्तर दिलें, "आईला मदत करीत असेल."

मुलाचें समाधान झालें. माझें झालें नाहीं. शिक्षकाच्या तोंडून पुष्कळ उत्तरें अशीं निघतात कीं तीं प्रश्न मिटवितात, पण सोडवीत नाहींत. हें उत्तर मीं त्या दिवशीं नवें शोधून काढलेलें नव्हतें, हें मला पुढें वाचनानें कळलें. तें दोनशें वर्षांचें जुनें आहे, आणि तें जगभर फिरून आलेलें आहे. त्या उत्तराचा इतिहास आपल्यापुढें ठेवावा, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा हेतु आहे.

हा इतिहास कापसाचाच आहे, पण त्याचा आरंभ वऱ्हाडांत होत नाहीं. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत सूतगिरणीचें काम शिकलेला सॅम्युएल स्लेटर हा तरुण अमेरिकेस गेला आणि ऱ्होड आयलंड संस्थानांतील पॉटकेट येथें १७९० सालच्या डिसेंबरांत त्यानें पाण्याच्या जोरावर चालणारी सूत काढण्याची यंत्रें सुरू केलीं. अमेरिकेंतील कारखानदारीचा पाया म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. त्या यंत्रांवर जे पहिले नऊ कामगार लागले, तीं सर्व सात ते बारा वर्षांचीं मुलें होतीं.

मुलेंच कां? कारण उघड आहे. ताकदीचें काम पाणी करीत होतें. माणसाकडे उरलें होतें तें तुटलेला धागा सांधण्याचें आणि भरलेली बॉबिन काढून रिकामी लावण्याचें काम. त्याला मोठा पंजा नको होता, बारीक बोटें हवीं होतीं. आणि बारीक बोटें स्वस्त होतीं. आसपासचा शेतकरीवर्ग स्वतः मुलांना लहानपणापासून कामास जुंपीत असल्यामुळें कोणास यांत कांहीं विपरीत वाटलें नाहीं. मूल आईबापांस मदत करीतच असतें. तें आतां गिरणींत करील, एवढाच काय तो फरक, अशी समजूत होती.

परंतु फरक एवढाच नव्हता. घरच्या शेतांत काम मुलाच्या मानानें चालतें. मूल दमलें तर बांधावर बसतें, कंटाळलें तर पांखरामागें धांवतें. गिरणींत मुलाला यंत्राच्या मानानें चालावें लागतें, आणि यंत्र दमत नाहीं. हा भेद लोकांच्या ध्यानांत येण्यास फार काळ लागला. १९०० सालच्या अमेरिकन खानेसुमारींत दहा ते पंधरा वर्षांचीं साडेसतरा लक्ष मुलें मजुरी करीत असल्याचें आढळलें. लुईस हाईन नांवाचा एक शिक्षक १९०८ पासून छायायंत्र घेऊन गिरण्यागिरण्यांतून हिंडला आणि या मुलांचीं चित्रें त्यानें देशापुढें मांडलीं, तेव्हां कोठें लोकमत हललें.

आतां आपल्याकडे वळूं. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि आपल्या वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, आगगाडी आली. १८७० सालीं खामगांवचा फांटा सुरू करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका गांवच्या बाजारासाठीं हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराची योग्यता कळून येईल. इकडे मुंबईंत १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या सूतगिरणीची उभारणी केली होती, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबईचें आकाश भरून गेलें. वऱ्हाड-खानदेशांत सरकी काढण्याचे जिन आणि गठ्ठे बांधण्याचे प्रेस उभे राहिले. त्यांतून मुलें आलीं, हें निराळें सांगावयास नको.

या मुलांसाठीं पहिला आवाज उठविणाऱ्यांत सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. त्यांनीं १८७८ सालीं यासंबंधीं कायद्याचा मसुदा तयार केला. १८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, असें त्यानें ठरविलें. श्रोतेहो, हा नियम मुलांच्या संरक्षणाचा होता! सात वर्षांच्या मुलास नऊ तास, ही दया होती. मग दयेपूर्वी काय असेल याची कल्पना आपणच करावी.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगणें जरूर आहे. या कायद्यास आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनीं आणि पुढाऱ्यांनीं विरोध केला. त्यांचा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता. मुंबईचें सूत स्वस्त पडतें हें लँकेशायरच्या डोळ्यांत सलत होतें, आणि तेथील गिरणीवाल्यांना मुंबईच्या मजुरांचा अकस्मात् कळवळा आला तो निखळ भूतदयेनें आला नव्हता. कायदा म्हणजे देशी धंदा बुडविण्याचा डाव, असें आमच्या सुशिक्षितांनी म्हटलें. आणि गरिबाचें मूल चार पैसे मिळवून घरास मदत करतें तें त्यानें कां करूं नये, असेंहि म्हटलें. परकीयाचा हेतु अशुद्ध होता हें खरें. परंतु त्यामुळें मुलाचे नऊ तास कमी होत नव्हते.

हा घोळ ज्यांनीं ओळखला ते निराळ्या थरांतील होते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी. त्यांनीं १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालविलें, १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि रविवारच्या सुटीची व दुपारच्या विसाव्याची मागणी केली. १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारीं निवांत बसून वर्तमानपत्र वाचतों, त्यांत या गृहस्थाचा वांटा आहे.

आणि खुद्द जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी होती. दोन्ही तारखा शेजारीं ठेवून पहा. १८८१ चा कायदा म्हणतो, सात ते बारा या वयांत मूल नऊ तास गिरणींत बसवावें. १८८२ चें निवेदन म्हणतें, बारापर्यंत तें शाळेंत बसवावें. वर्षें तींच, मूल तेंच. प्रश्न एवढाच कीं, त्याच्यासाठीं कोणतें दार उघडावयाचें. माझ्या मतें या विषयाचें सारें मर्म या दोन तारखांत आहे. कारखान्याचें दार नुसतें लावून भागत नाहीं. त्याच क्षणीं शाळेचें दार उघडावें लागतें. नाहीं तर मूल तिसरें दार शोधतें.

तें तिसरें दार कोणतें, हें आमच्या वऱ्हाड-खानदेशानें लवकरच दाखविलें. १८८१ च्या कायद्यानें शंभरांहून कमी माणसांचा कारखाना आणि वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना, हे दोन्ही वगळले होते. कापसाचा जिन तर हंगामापुरता चालणारा! म्हणजे मुंबईचें मूल कायद्यांत आलें आणि जिनांतील मूल बाहेर राहिलें. १८८४ सालीं नेमलेल्या चौकशी मंडळापुढें खानदेशांतील जिनांची हकीकत आली. पहाटे चार-पांच वाजल्यापासून रात्रीं दहापर्यंत बायका रेच्यापुढें बसत, आणि हंगामाच्या घाईंत रात्रहि कामांतच जाई. आई जेथें सतरा-अठरा तास, तेथें तिचें मूल दुसरीकडे कोठें असणार? १८९१ च्या कायद्यानें वयाची मर्यादा सातावरून नऊवर नेली आणि चौदा वर्षांपर्यंत सात तास ठरविले. परंतु हंगामी कारखाना कायद्याच्या कक्षेंत यावयास १९११ साल उजाडलें.

त्याच १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मुलांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें. दुसऱ्या वर्षीं तें अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं फेंटाळलें गेलें. कारखान्याचें दार थोडें लोटलें गेलें. शाळेचें उघडलें नाहीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपापल्या राज्यांत तें उघडून दाखविलें होतें, एवढेंच काय तें समाधान.

परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. मोठ्या गिरणींतून निघालेलें मूल लहान कारखान्यांत शिरलें. १९२९ सालीं नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनवर आपले नारायण मल्हार जोशी होते. त्या कमिशनला गालिचे, विड्या, कातडी यांच्या कारखान्यांत पांच वर्षांचीं मुलें दिवसाचे दहा-बारा तास, दोन आण्यांइतक्या मजुरीवर काम करतांना आढळलीं. आईबापांनीं उचल घेऊन मूल गहाण टाकावें, असा प्रकारहि आढळला. १९३३ च्या कायद्यानें ही गहाणवट बेकायदा ठरली. १९३८ सालीं मुलांच्या नोकरीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि लवकरच विड्या, गालिचे, आगकाड्या इत्यादि धंद्यांची यादी त्यास जोडली गेली. मात्र त्यांत एक अपवाद होता: कुटुंबांतील माणसांकडूनच काम करून घेणाऱ्या घरगुती कारखान्यास तो लागू नव्हता. पहा, तेंच उत्तर पुन्हां आलें: मूल आईबापांस मदत करीत आहे!

योगायोग असा कीं, त्याच १९३८ सालीं अमेरिकेनेंहि देशभर लागू होणारा आपला कायदा केला. तेथेंहि तो सहजासहजीं झाला नाहीं. १९१६ सालीं केलेला कायदा १९१८ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनी रद्द ठरविला होता. आणि तो दावा कोणाच्या नांवानें लागला होता? गिरणीमालकाच्या नव्हे, तर नॉर्थ कॅरोलायनामधील डॅगनहार्ट नांवाच्या एका गिरणीकामगाराच्या नांवानें. माझीं दोन मुलें गिरणींत काम करून घरास मदत करतात, तो आमचा हक्क आहे, असें त्याचें म्हणणें मांडलें गेलें. बाप जिंकला. पुढें कांहीं वर्षांनी त्यांतील एका मुलास, तो प्रौढ झाल्यावर, एका पत्रकारानें गांठलें. खटला जिंकल्यानें आपलें कांहीं भलें झालें नाहीं, शरीर वाढलें नाहीं आणि शिक्षणहि झालें नाहीं, अशा अर्थाचें त्यानें सांगितलें. मुलाच्या नांवानें चाललेल्या वादांत मुलाचें मत विचारलें गेलें तें असें, निकालानंतर.

श्रोतेहो, इथवरची हकीकत मिलची आणि सरकारची झाली. आतां थोडी माझी सांगतों. कारण दुसऱ्यांच्या दोषांवर भाषण करणें सोपें असतें.

१९९० साल जोतीराव फुले यांच्या स्मृतिशताब्दीचें. आमच्या गांवीं एका सभागृहांत व्याख्यान झालें. व्याख्याता मीच होतों. हंटर कमिशनपुढील निवेदनावर मी तासभर बोललों, टाळ्या पडल्या. नंतर दहाबारा मंडळी चहासाठीं माझ्या घरीं आलीं. चर्चा रंगली, सक्तीचें शिक्षण न दिल्यानें देशाचें किती नुकसान झालें याविषयीं प्रत्येकानें कांहीं ना कांहीं सांगितलें. कपबशांचा ट्रे घेऊन एक मुलगा सर्वांपुढून फिरत होता. तो आमच्याकडे वर्षभर कामास होता. वय दहा. दुष्काळी गांवचा. त्याचा बाप त्याला आमच्याकडे सोडून गेला होता, आणि आपण एका गरीब पोरावर उपकार करीत आहों अशी माझी प्रामाणिक समजूत होती: दोन वेळां पोटभर जेवण, दिवाळीला कपडे, महिन्याच्या महिन्याला बापाला पैसे. त्या दहाबारा सुशिक्षितांपैकीं एकाच्याहि मनांत, आपण बोलतों आहों तें आणि चहा देतो आहे तो, यांचा कांहीं संबंध आहे हें आलें नाहीं. माझ्या मनांत तर मुळींच नाहीं.

मीं कायदा मोडला होता काय? नाहीं. १९५० च्या राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखाने, खाणी व धोक्याचीं कामें यांतून वगळलें होतें. १९८६ च्या कायद्यानें धोक्याच्या धंद्यांची यादी वाढविली होती. पण घरकाम आणि उपाहारगृहांतील काम त्या यादींत आलें तें २००६ च्या ऑक्टोबरांत. म्हणजे त्या सायंकाळीं मी पूर्ण कायदेशीर होतों. पुढें एक दिवस त्याचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. तो आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. त्याला अक्षरओळख व्हावी म्हणून शिक्षकाच्या त्या घरांत वर्षभरांत कोणी अर्धा तासहि दिला नव्हता, एवढें मात्र ठाऊक आहे.

यानंतर कायदा पुष्कळ पुढें आला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २०१० च्या एप्रिलपासून मिळाला. जोतीरावांची मागणी मान्य होण्यास एकशेंअठ्ठावीस वर्षें लागलीं. २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास सर्वच धंद्यांत कामास ठेवणें गुन्हा ठरलें. तथापि शाळेच्या वेळेबाहेर घरच्या उद्योगांत मदत करण्याची मोकळीक तींतहि ठेवलेली आहे. २०११ च्या जनगणनेंत पांच ते चौदा वर्षांचीं एक कोटीहून अधिक मुलें आपल्या देशांत काम करतांना आढळलीं. जगांत २०२० सालीं अशीं मुलें सोळा कोटी होतीं, आणि त्यांतील सुमारें सत्तर टक्के शेतींत. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानेंहि शेतीला पुष्कळ सवलती दिल्या होत्या. गिरणीचें दार लागलें, कारखान्याचें लागलें, घराचें लागलें. शेताला दारच नाहीं, मग तें लावणार कोण?

घरच्या कामाला मुलानें हातच लावूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. वेचणीच्या दिवसांत सुटीच्या वारीं मूल आईबरोबर शेतांत गेलें, दोन ओळी वेचल्या आणि हुरडा खाऊन परत आलें, तर त्यांत त्याचें कल्याणच आहे. प्रश्न कामाचा नाहीं, गैरहजेरीचा आहे. वेचणीचे तीन-चार महिने पटावर नांव आणि वर्गांत जागा रिकामी, असें झालें म्हणजे चौथीचें मूल दुसरीच्या पुस्तकापाशीं अडखळतें, मग लाजतें, आणि मग येत नाहीं. त्या दिवशीं मदत संपली व मजुरी सुरू झाली.

यावर उपाय काय? पहिला उपाय शिक्षेचा नव्हे, मजुरीचा आहे. वेचणीचा दर किलोवर असतो. आईच्या एकटीच्या दिवसभराच्या वेचणींत घर भागत असेल, तर ती मुलीला ओळींत उभी करणार नाहीं. मूल कामास लागतें म्हणून दर कमी राहतो, आणि दर कमी म्हणून मूल लागतें. हें चक्र मोठ्यांच्या मजुरीनेंच तुटेल. दुसरा उपाय शाळेचा. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं गांवांतच राहण्या-जेवण्याची सोय करणारीं हंगामी वसतिगृहें महाराष्ट्रांत चालविलीं गेलीं; जेथें तीं नीट चाललीं तेथें मुलें थांबलीं. तिसरा उपाय आपला, म्हणजे शिकलेल्या घरांचा आहे. दुकानांत, उपाहारगृहांत, शेजाऱ्याच्या घरीं लहान मूल कामास दिसलें तर "बिचाऱ्याला दोन घांस तरी मिळतात" असें म्हणूं नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक आहे, तो फिरवावा. आणि शिक्षकबंधूंना एवढेंच सांगणें कीं, हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी एकदां त्या घरीं जाऊन यावें. मीं पस्तीस वर्षें हजेरी घेतली. अशा किती घरीं गेलों, याचा हिशेब मांडला तर तो हाताच्या बोटांवर संपतो.

रोहिणखेडच्या वाटेवरील त्या मुलीचें नांव मीं विचारलें नाहीं. विचारणाऱ्या मुलाला मात्र पुढच्या सहलीच्या वेळीं मीं माझें उत्तर बदलून दिलें. त्याला म्हटलें, "तूं बरोबर विचारलें होतेंस. आज शाळेचा दिवस होता, आणि ती शाळेंत असावयास पाहिजे होती." उत्तर फार मोठें नाहीं. पण निदान तें खरें आहे, आणि पुढचें काम त्यापासून सुरू करतां येतें.